न वाचलेलं चौथं पान

प्रिय दादा,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की माझ्या कामावरच्या औषधाच्या चाचणीसाठी आत्याने, तुझ्या आईने, संमतिपत्र वाचून सही केली. ते खरं नाही. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. मीच वाचून दाखवलं, आणि चौथं पान वाचलंच नाही.

त्या पानावर होतं की या गोळीने काहींच्या यकृताला इजा झाली आहे, आणि नको वाटलं तर केव्हाही बाहेर पडता येतं.

मला वाचायला आत्यानेच शिकवलं. आजोबांना पेपर वाचून दाखवताना वाईट बातमी गाळायची, हेही तिनेच. सही करताना म्हणाली, "एवढ्यात संपलं? बरी आहे गं तुझी नोकरी." मी हसले. चाचणीला एकच माणूस कमी पडत होता, हेही तुला सांगितलं नव्हतं.

आज तिचा रक्ताचा रिपोर्ट आला. यकृताचे आकडे वाढलेत. डॉक्टर म्हणाले, "मर्यादेत आहेत, चालू ठेवू." पण आत्याला कोणी विचारलं नाही, आणि नाही म्हणता येतं हे तिला माहीतच नाही.

हे पत्र आत्ता पाठवत नाही. तिच्याआधी तुला कळलं, तर मी तिला पुन्हा वगळल्यासारखं होईल. ती रोज आठला गोळी घेते. उद्या, मंगळवारी चौदा तारखेला, साडेसातला मी तिच्यासमोर बसून चौथं पान वाचणार आहे.

तुझी,
धाकटी