परत कपात जाणारा चमचा

दि. ४ मार्च

चि. भिंगरीस मावशीचे अ. उ. आ. (सगळे एकदम खर्च करू नकोस.)

तुझी पावडर पोचली. डबा उघडून आधी वास घेतला, मग बोट लावून चाखली, तर कसलीच चव नाही. इतकं शिकून तुम्ही बिनचवीचं बनवता याचं नवल वाटलं. हिवाळ्यातल्या झटक्यात तुझ्या काकांचा उजवा हात आणि बोलणं गेलं, ते तुला माहीतच आहे. आता साधं पाणीही वाट चुकून श्वासनळीत जातं, म्हणून सगळं दाट करूनच द्यायचं असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. तुझी पावडर पाहून तेही हो म्हणाले.

चहा छान आळतो. पहिले चार-पाच चमचे काका शहाण्यासारखे घेतात आणि मग असा ठसका लागतो की डोळे पांढरे व्हायची वेळ येते. पुढचं ऐक. दर गुरुवारी नर्सबाई येतात. तोच चहा, तीच पावडर, तेच काका, पण त्यांच्या हातून कपभर पितात आणि साधे खाकरतही नाहीत. चाळीस वर्षं या माणसाला मी वाढलं. माझ्याच हाताला काय झालं, तू सांग. मला फार वाईट वाटतं गं.

वजन चौपन्न किलोवर आलंय. एप्रिलअखेर बावन्नच्या खाली गेलं तर पोटात नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकल्यापासून काका काट्यावर चढले की भिंतीकडे बघत राहतात.

लोभ आहे म्हणूनच तक्रार तुझ्याकडे केली,
तुझी मावशी


दि. ११ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि. काकांना वेगळा नमस्कार, एकातच दोघांनी भागवू नये.

पत्र वाचलं आणि तशीच उठून प्रयोगशाळेत गेले. आमचा उद्योग तुला ठाऊक आहे. सकाळी तेल-पाण्याला एकत्र नांदवायचं, म्हणजे आजाऱ्याला दोन घोट सुपातून चार घासांची ताकद मिळते. दुपारी पातळ असेल त्याला दाट करायचं. तुझ्याच पावडरीचा चहा केला आणि सहा तास घट्टपणा मोजत बसले. आकडा जागचा हलला नाही. यंत्र म्हणतं पावडरीचा दोष नाही, तू म्हणतेस हात तोच आहे, आणि काकांना तर विचारायची सोय नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

तेव्हा मला सगळं बारीकसारीक कळव. चहा किती गरम, चमचा सपाट की शिगोशीग, ढवळून किती वेळ थांबतेस? ठसका लागला की कप ओतून देऊ नकोस, आत काय दिसतं ते बघ. नर्सबाई काय करतात तेही बघ, पण रुसून नको. शिवणाच्या वर्गात मुलींचा सुताएवढा वाकडा टाका तुला दारातून दिसायचा, तीच नजर लाव.

तुझ्या लोभावर आणि डोळ्यांवर भिस्त ठेवून,
भिंगरी


दि. १९ मार्च

चि. भिंगरीस अ. आ.

परीक्षा घेतलीस, घे पेपर. चहा बोट बुडवता येईल इतका कोमट. चमचा सपाट, वरचा भाग सुरीने उडवलेला. घड्याळ लावून दोन मिनिटं थांबते.

दोन कप केले. एक झाकून ओट्यावर ठेवला, दुसरा काकांना दिला. ठसका लागल्यावर आत पाहिलं तर अगं, नुसतं पाणी! दहा मिनिटांपूर्वी चमच्यावरून हलायला तयार नव्हतं ते पार पातळ. ओट्यावरचा कप मात्र संध्याकाळी होता तस्सा. मी कोड्यात पडले.

नर्सबाई औषधाचे इवले इवले चौदा कप मांडतात. एकेकात घोटभर ओततात, पाजतात आणि कप बाजूला. अगदी भातुकली. मला एवढा पसारा जमत नाही. माझा एक कप, एक चमचा. आधी माझ्या जिभेला लावते, गोड आहे ना, पोळत नाही ना बघते, मग त्यांच्या तोंडात आणि परत कपात. उष्ट्याचा विचार आम्ही कधी केला नाही. यात तुझ्या कामाचं काही नसणार, पण सगळं लिही म्हणालीस म्हणून लिहिलं.

उत्तर लवकर टाक, लोभ उशिरा चालेल.
मावशी


दि. २७ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि. सापडलं!

तुझं पत्र हातात असतानाच मी दाट चहाच्या कपात थुंकले. नेमके तेव्हाच आमचे साहेब दारात. माझी पाचावर धारण बसली, तरी मावशीचा प्रयोग चालू आहे म्हणून सांगितलं. यंत्रावरचा आकडा घसरायला लागला तसे तेही खुर्ची ओढून बसले. दहा मिनिटांत चहाचं पाणी झालं.

ही पावडर स्टार्चची. आपली लाळ स्टार्च तोंडातच पचवायला घेते. चमच्याबरोबर ती कपात उतरली की पचन कपातच सुरू होतं. तुझी लाळ, काकांची लाळ, दोन्ही मिळून. नर्सबाईंच्या कपात चमचा परत जातच नाही.

म्हणजे चूक तुझ्या हाताची नाही, आमची आहे. आमच्याकडे चव बघणाऱ्याला दर घोटाला नवा कप आणि नवा चमचा मिळतो. घरी असं कोण खातं-पितं? चमचा परत कपात जातो, हे आम्हा बारा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही. काकांचा तो ठसका माझ्या डब्यातून आला, याची मला फार लाज वाटते.

डिंकासारखी दुसरी पावडर पाठवते आहे. तिला लाळ पचवू शकत नाही. तीनदा थुंकून पाहिलं. तुमच्या डॉक्टरांशीही बोलले. ती येईपर्यंत भातुकली मांड.

रागावली असशील तरी लोभ तोडू नकोस,
भिंगरी


दि. २९ एप्रिल

चि. भिंगरीस अ. उ. आ., या वेळी हात न आखडता.

आधी बातमी. आज काट्यावर त्रेपन्न किलो दोनशे भरले. नळीचं तूर्त नाव नको, असं डॉक्टर म्हणाले. आकडा डोळ्यांनी बघितल्याशिवाय तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

कारण मधले दिवस वाईट गेले. छोट्या कपांनी ठसका थांबला, पण पाच-सहा कप झाले की काका ओठ मिटून घ्यायचे. वजन सव्वाबावन्नवर आलं. नवी पावडर आली तरी माझा धीर होईना. हाताची चूक नाही हे तू लिहिलंस, मला पटलंही, पण मोठ्या कपातला चमचा उचलायची आणि परत ठेवून द्यायची. मी आपली कपच मांडत राहिले, नर्सबाईंसारखी.

पाचव्या दिवशी काकांनी मी मांडलेले कप डाव्या हाताने सारले आणि फडताळातल्या त्यांच्या मोठ्या कपाकडे बोट केलं. नव्या पावडरीचा चहा त्यात भरून दिला. चमचा स्वतःच उचलला, अर्धा चादरीवर सांडला. मला वाटलं तोंडात घालतील. तर त्यांनी तो माझ्या तोंडासमोर धरला आणि वाट बघत बसले.

मी चाखला. अगं, साखरच नव्हती. चाखणं सोडल्यापासून पंधरा दिवस, कपांच्या गडबडीत साखर विसरून, मी त्या माणसाला बिनसाखरेचा चहा पाजत होते, आणि सांगायला त्यांच्याजवळ शब्द नव्हता. मी रडले. ते वाकड्या तोंडाने हसले. साखर घालून ढवळलं, पुन्हा चाखलं आणि त्यांना दिलं. सबंध कप संपला. शेवटचा चमचाही पहिल्याइतकाच दाट होता.

तुझ्यावर दोघांचा लोभ आहे, हे काकांनी मान हलवून लिहायला सांगितलं.
तुझी मावशी