पाणथळीची किंमत: निरंक

३ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितातच. बिल्डरकडून काम मिळालं! दादाच्या नर्सरीमागे जी पाणथळ आहे ती बुजवून इमारती होणार. त्याआधी ती जागा आपल्याला काय काय फुकट देते (पाणी मुरवते, पूर अडवते, मधमाश्या पोसते) त्याची किंमत काढायची. काढणार मी. ठराव: एकशेवीस घरांत स्वतः जाऊन विचारणार, ही जागा वाचवायला वर्षाला किती द्याल? शास्त्र म्हणजे शास्त्र.

५ मार्च
चार घरं झाली. एकाने मीटरवाला समजून झापलं. एक बूट चिखलात गेला.

६ मार्च, सकाळी ११
मी इथेच लहानाचा मोठा झालो. लोकांच्या मनातलं मला विचारावं कशाला लागतंय? उरलेले एकशेसोळा फॉर्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरतोय. पेनं तीन. म्हाताऱ्यांचे डाव्या हाताने. किती द्याल? निरंक. ही म्हणाली, हा चक्क खोटेपणा आहे. तिला सॅम्पलिंग कळत नाही.

११ मार्च
दादाने फॉर्म मागून घेतला. लिहिलं काय, तर वर्षाचं अर्धं उत्पन्न देईन. म्हणाला, पावसाचं पाणी ती पिते म्हणून माझी रोपं उभी आहेत. भोळा आहे. एवढ्या आकड्याने सरासरी बिघडते, म्हणून त्याचा फॉर्म नव्याने भरला. निरंक. त्याची सही मला शाळेपासून येते.

२ एप्रिल
रिपोर्ट गेला, एक प्रत मंजुरीसाठी सरकारी ऑफिसात. असा स्वच्छ रिपोर्ट बिल्डरने जन्मात पाहिला नव्हता म्हणे. तळमजल्यावरचा फ्लॅट सवलतीत देतोय. याला लाच म्हणत नाहीत, कदर म्हणतात.

१० जून (पुढचं वर्ष. मधे वेळच झाला नाही.)
नव्या घरात आलो. खिडकीखाली पूर्वी बेडूक ओरडायचे, आता पार्किंग. दादाची कुरकुर चालूच. विहीर आटली, मधमाश्या येत नाहीत. वहिनी रोज सकाळी ब्रश घेऊन भोपळ्याच्या एकेका फुलाला पराग लावते. तेवढाच व्यायाम.

२२ जुलै
सकाळपासून पाऊस. दुपारी दोनला हॉलमध्ये गुडघाभर पाणी. दादाची नर्सरी साफ गेली. आठ हजार रोपं, तीस वर्षांची मेहनत. आणि हा बाबा तिथलं सोडून आमचा फ्रीज उचलायला आला. त्याला धीर दिला की असा पाऊस शंभर वर्षांत एकदाच येतो. म्हणाला, तुझ्या बाजूने उचल. फ्रीज जड होता.

२८ जुलै
नुकसानभरपाई मिळणार. सर्वेवाला घरोघर येऊन विचारणार. दादाने रोपांची यादी केलीय, नावानिशी. त्याची सगळी भिस्त यावरच. दोघंही दारात खुर्च्या टाकून बसलो.

५ ऑगस्ट
आला नाही. उद्या येईल.

१९ ऑगस्ट
दादाला घेऊन सरकारी ऑफिसात गेलो, माझा रिपोर्ट गेला होता तिथेच. सर्वे कधीच पूर्ण झाला म्हणे! कारकुनाने माझ्या नावाचा फॉर्म काढला. नुकसान: निरंक. खाली माझी सही, तीही बरी जमलेली. दादाचाही फॉर्म होता. निरंक. माझं डोकंच फिरलं. घरबसल्या दुसऱ्याच्या नावाने फॉर्म भरता, लाज नाही वाटत, म्हणून चांगला झाडला त्याला. तो चहा पीत म्हणाला, "साहेब, पद्धत तुमचीच आहे. एकशेसोळा फॉर्म, तीन पेनं. नव्या पोरांना तुमचीच फाइल नमुना म्हणून देतो आम्ही."
आणि ती फाइल त्याने दादापुढे सरकवली. दादाने त्यातून आपला फॉर्म शोधून काढला. मग मला विचारलं, "ही सही माझी आहे?"
मी सरासरी समजावून सांगायला लागलो. तोवर तो जिना उतरून गेला होता. यादी टेबलावरच राहिली.

२ सप्टेंबर
दादा-वहिनी मुलीकडे गेले, कायमचे. आम्हाला शेजाऱ्याकडून कळलं. ठराव: दादाला सविस्तर पत्र.

३० सप्टेंबर
पत्र राहिलं. नर्सरीची जागा बिल्डरने घेतली. मूल्यांकन पुन्हा माझ्याकडेच! गुणांची पारख म्हणतात ती ही. या वेळी मात्र एकही फॉर्म खोटा भरायचा नाही. पहिला माझाच घेतला. 'ही जागा वाचवायला तुम्ही किती द्याल?' अर्धा तास पेन हातात. दादाचा आकडा आठवत होता, पण लिहवेना.
ही ओट्यापाशी होती. मागे न बघताच म्हणाली, "निरंक लिहा. हात बसलाय तुमचा."
लिहिलं.