चक्कर माझ्या नावावर करण्याबाबत

प्रति,
माननीय प्रमुख,
हृदय-आरोग्य पाठपुरावा अभ्यास कार्यालय

विषय : धाकट्या जावेचे नाव अभ्यासातून न वगळणेबाबत.
संदर्भ : तिला आलेले आपले नोटिशीचे पत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, मी व माझी धाकटी जाऊ मिळून इस्त्रीचे दुकान चालवतो. आपल्या अभ्यासात दोघींनी एकाच दिवशी नाव घातले. आपण चिठ्ठ्या टाकून गट पाडले, त्यात तिला ऑनलाइन प्रश्नावली आली, मला पोस्टाची.

तेव्हापासून तिचा फोन तिला नावाने हाक मारून विचारतो, "आज कसं वाटतंय?" खाली फूल असते. ती ते गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवते. उत्तर राहिले तर फोन पुन्हा आठवण करतो. मला मात्र विजेच्या बिलासारखे पाकीट, आत "प्रिय सहभागी". पहिल्या वेळचे परतीचे पाकीट तर दुकानातल्या वाफेने मी काही लिहिण्याआधीच चिकटून बसले. गट बदलून द्या म्हणून मी आपल्या कार्यालयात फोन केला असता, "चिठ्ठी निघाली ती निघाली," असे उत्तर मिळाले. त्या दिवशी मी जावेशी बोलले नाही, हे नमूद करते.

पुढे मला इस्त्री करताना चक्कर येऊ लागली. एकाचा सदरा जळला. मी पुढच्या प्रश्नावलीत "होय" लिहून नवे पाकीट टपालपेटीत टाकले व वाट पाहत राहिले. जाऊ म्हणाली, "ताई, उत्तर पोहोचेपर्यंत तुम्हीच पडाल. दवाखान्यात चला." मी म्हटले, "मला विचारणारे विचारतील. तू तुझ्या फुलाकडे बघ."

यावर तिने मला न सांगता स्वतःच्या फोनमध्ये माझी चक्कर आपली म्हणून भरली. लगेच दुसऱ्या दिवशी आपल्या परिचारिका दुकानात हजर. जावेने मला खांद्याला धरून स्टुलावर बसवले व म्हणाली, "खोटं लिहिलं मी. चक्कर यांना येते. आधी यांना तपासा, मग मला काय बोलायचं ते बोला." माझे ठोके फार मंद पडले होते. त्याच दिवशी दवाखान्यात भरती केले व छातीत यंत्र बसवले. वॉर्डात जो तो म्हणे, "अशी जाऊ मिळायला भाग्य लागतं." माझ्याबद्दल असे कोणी म्हटल्याचे स्मरत नाही. माझ्या दुखण्याचे कौतुकही तिलाच गेले.

आता खोटी माहिती दिल्याबद्दल आपण तिचे नाव कमी करणार असल्याचे समजते. महोदय, हट्टाने बसून राहिले ती मी. तरी विनंती की, सदर चक्कर तिच्या नावावरून काढून माझ्या नावावर करावी, कारण ती माझीच आहे. तिचे नाव मात्र राहू द्यावे, ऑनलाइनच राहू द्यावे. आपले पत्र आल्यापासून ती फोन पालथा ठेवून मुकाट्याने कपड्यांच्या घड्या करते. गिऱ्हाइकाने विचारले तरी काही वाचून दाखवत नाही. मला तिचा हेवा वाटत होता व आजही वाटतो. पण तिचे हे गप्प राहणे माझ्याने सोसवत नाही.

कृपया उत्तर पोस्टाने न पाठवता तिच्या फोनवर पाठवावे. तिथे लवकर पोहोचते.

आपली, पोस्टाच्या गटातली, नम्र
(सही)
मोठी जाऊ, इस्त्रीचे दुकान

सोबत : १. दवाखान्याच्या कार्डाची प्रत
२. चिकटलेले पाकीट