बेटाचं सासरचं नाव

३ नोव्हेंबर
नाही, रुसलेबिसले नाही मी. फक्त जेवले नाही.
देवेंद्र, माझा लेक, इथं आखातात मीना अल-अहमदीच्या तेलाच्या रिफायनरीत इंजिनियर. म्हणाला, आई, तुझा व्हिजिट व्हिसा महिनाअखेरीस संपतोय. म्हटलं, मग वाढव. मोबाइल बघायला लागला. वाढवेल. मी गेले तर यांचं घर चालणार कसं?

५ नोव्हेंबर
चान्स आला. नात मुक्ताला शाळेचं प्रोजेक्ट: इथल्या फैलका बेटाला ग्रीक लोक इकारोस का म्हणायचे. सूनबाई सुनेत्राला बँकेतून टाइम नाही. म्हटलं, मी करते, सातवी पास आहे. ती हसली. हसू दे. प्रोजेक्ट हातात म्हणजे व्हिसा हातात.

७ नोव्हेंबर, दुपार
मुक्तानं वाचून सांगितलं. सिकंदरानं म्हणे त्याच्या मुलखातल्या एका बेटाचं नाव याला दिलं. ते बेट पंख लावून उडालेल्या आणि समुद्रात पडून मेलेल्या पोराच्या नावाचं. काही विद्वान म्हणतात, छे, इथं आधीच ए-कारा नावाचं देऊळ होतं, त्यावरून पडलं.
म्हटलं, सोपंय. बेटाचं लग्न लागलं. सासरच्यांनी ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं नवं नाव लिहिलं. जुनं कोण विचारतंय? मी हौसा होते, ह्यांनी सुलोचना केली. हे गेले, नाव गळ्यात राहिलं.
मुक्ता म्हणाली, अनफेअर. म्हटलं, आजोबांना सांगायचं होतंस.

१० नोव्हेंबर
सुनेत्राला ऐकवलं, पुढच्या टर्मचं प्रोजेक्टही माझ्याकडे. तिनं फ्रिज पुसायला घेतला. स्वच्छच होता.

१४ नोव्हेंबर
जिंकले! टीचरला प्रोजेक्टमधलं तांदळाचं ताट फार आवडलं. डिसेंबरात आजीला शाळेत आणा म्हणाली. आता देवेंद्रची काय टाप? इरकल साडी इस्त्रीला काढली. जेवताना सुनावलं, मला काय, गावी माझं राज्य आहे, तुमच्यासाठी थांबते.

१५ नोव्हेंबर
देवेंद्रनं तिकीट दाखवलं. पुढच्या आठवड्याचं. म्हणाला, तूच म्हणतेस गावी राज्य आहे, इथं दिवसभर फ्लॅटमध्ये तुला कोंडून ठेवायचं जिवावर येतं. सुनेत्रा म्हणाली, शाळेत व्हिडिओ कॉल लावू. मुक्तानं टाळ्या वाजवल्या.
मीही हसले. म्हटलं, साहेब, खिडकीची सीट घ्या.
साडी परत बॅगेत.
राज्यबिज्य काही नाही. गावच्या त्या घरात एकटीला भीती वाटते मला. लेकाला हे एकदाही सांगितलं नाही.