नवा फोन घेतला वाटतं

आत्या,

ह्यांनी भोरवरनं आणलेला नवा कॉर्डलेस म्या सकाळी लावला. जुन्यावर नंबर दिसत नव्हता, म्हणून प्रेरणा नवऱ्याला सोडून आपल्याकडं आल्यापासनं रोज गप्प राहून फोन ठेवणारा कोण ते कळत नव्हतं. नव्यावर दिसतो. दुपारी वाजला, तवा प्रेरणा शेजारीच उभी होती. नंबर तिनंच ओळखला. तिच्या नवऱ्याचा होता.

म्या उचलला. आज तो बोलला. "नवा फोन घेतला वाटतं, ताई? पहिला पांढराच बरा होता."

फोनचं अजून कुणाला सांगितलंबी न्हाई. बाहेरनं फोन फक्त मागच्या खिडकीतनं दिसतो.

माझ्या बहिणीला, प्रेरणाला घेऊन मी निघाले. कुठं ते लिहीत न्हाई. ह्यांना कळवलंय, ते यायला निघालेत. चिठ्ठी वर ठेवायचा धीर झाला न्हाई, म्हणून पिठाच्या डब्यात ठेवलीय. वाचून चुलीत घाला. भाकरी करत बसू नका, शेजारी दादूमामांकडं जा. फोन वाजला तर वाजू द्या.

मागच्या दाराला म्या आतनं कडी घातलीय. हे वाचताना ती काढलेली दिसली, तर हाक मारू नका. गुमान पुढच्या दारानं बाहेर पडा.

शेफाली