बँडसाठी उमेळ्याची वाडी

६ मार्च १९८३
आजपासून रोजनिशी. मोठे संगीतकार लिहितातच.
संकल्प: मे महिन्यात वाडीतल्या क्रूसाच्या सणाला आमच्या बँडने माझी स्वतःची रचना वाजवायची. नाव ठरलं, ‘उमेळ्याची वाडी’. मी मूळचा जालन्याचा. एका सीझनपुरता इथे उमेळ्याला बँड शिकवायला आलो, कार्मिनशी लग्न केलं आणि तिच्या वाडीतच राहिलो. केळी, पानवेली, बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, संथ पाणी, सगळं माझंच आता. कागदोपत्री मेव्हण्याचं, बॅप्टिस्टचं. तो वाडी बिल्डरला देणार अशी कुजबुज आहे. माझी रचना ऐकल्यावर देणार नाही. आणि ऐकणार कसा नाही? बँडमधला मोठा ढोल त्याच्याच गळ्यात आहे.

१४ मार्च
शीर्षक सुंदर अक्षरात लिहिलं. सूर उद्यापासून.

२ एप्रिल
वाडीत दोन माणसं टेप लावून मोजत होती. कार्मिन म्हणाली, बिल्डरची आहेत. मी म्हटलं, रस्ता रुंद करत असतील. हिला लगेच वाईटच सुचतं.
सूर अजून नाहीत. टेपवाल्यांनी मूड घालवला.

१७ एप्रिल
विहिरीवरचा पंप काढून नेला. रिपेअरला असणार. केळी माना टाकताहेत.
रचना पूर्ण! बावखलाचा भाग मुद्दाम अगदी स्लो ठेवलाय. तळ्याचं पाणी काय धावतं?

२४ एप्रिल
पहिली रिहर्सल. क्लॅरिनेटवाला पीटर म्हणाला, मास्तर, जरा फास्ट घेऊ या का? अडाणी.
बॅप्टिस्टच्या डोळ्यांत पाणी. ढोल दोनदा चुकला. विरघळला गडी! घरी येऊन कार्मिनला सांगितलं, वाडी वाचली. ती काहीतरी सांगणार होती. म्हटलं, आधी सण होऊ दे.

३ मे, सकाळ
युनिफॉर्मला इस्त्री. आभाराचं भाषण पाठ.

३ मे, संध्याकाळ
चर्चपासून क्रूसापर्यंत वाजवत निघालो. बावखलाचा भाग सुरू झाला आणि लोक दाराबाहेर आले. पुरुषांनी टोप्या काढल्या. बायकांनी डोक्यावर पदर घेऊन क्रूसाची खूण केली. मला वाटलं, केवढा हा मान!
मग शेजारची बेलामावशी कुंपणापाशी येऊन म्हणाली, कोण गेलं रे?
इथे बँड इतका हळू फक्त मयतीला वाजतो. एवढी वर्षं मीच वाजवतोय आणि माझ्या डोक्यात आलं नाही. मी घाईघाईने म्हटलं, कोणी नाही मावशी, ही आपल्या वाडीची धून आहे. तेव्हा बॅप्टिस्ट ढोल थांबवून खाली बघत म्हणाला, वाडी दिली मी, मावशी. सह्या झाल्या. पावसाआधी झाडं तोडणार.
मावशीने पुन्हा क्रूसाची खूण केली आणि आमच्या मागून चालायला लागली. तिच्यामागे आणखी बायका, त्यांच्यामागे पुरुष. कार्मिनही. बॅप्टिस्टने परत ढोल धरला.
मला रडू आवरेना. माझ्या कॉर्नेटमध्ये फुंकच जाईना. माझ्याशिवाय बँड फार चांगला वाजला.