पान लागलं

३ ऑगस्ट १९६४
आलो एकदाचा! नांदुऱ्याला गाडीतून उतरलो, पुढे एस.टी., मग छकडा. हाडं खिळखिळी झाली, पण दवाखाना झकास आहे. माणसं दोनच, डॉक्टर मी आणि कंपाउंडर जानराव. इथली बोली ऐकून माझ्यासारख्या सातारकराला हसू आवरत नाही. 'का'ला 'काऊन' म्हणतात! खाटेत ढेकणांची फौज आहे, म्हणून खाली चटई टाकली. गार फरशीवर राजासारखा झोपणार.

१० ऑगस्ट
जानराव बाजाराला गेलेला. उत्तमराव नावाचा शेतकरी बायकोला, रुखमाबाईला, घेऊन आला. म्हणाला, साहेब, इले पान लागलं. बाईच्या पापण्या जड, बोलणं बोबडं. मी हसलो. पानात एवढी तंबाखू घालावी कशाला, म्हटलं, आणि लिंबाचं सरबत पाजायला सांगितलं. घोट नाकातून बाहेर आला. तासाभरात ओठ निळे पडले, श्वास थांबला. नाडी मात्र माझ्या बोटांखाली आणखी चार मिनिटं चालू होती. असं कसं झालं?

११ ऑगस्ट
जानरावानं सांगितलं. पान लागणं म्हणजे साप चावणं. इथे त्याचं नाव घेत नाहीत. मण्यार होती. रात्री खाली झोपलेल्याला डसते, खूणही राहत नाही.

पुस्तक काढलं. हे विष फुप्फुसाला हात लावत नाही, छाती हलवणारे स्नायू लुळे पाडतं. भाता शाबूत, ओढणारा हात गेला. एका दमात किती आकडे मोजता येतात ते पाहायचं, घटले की धोका. लस द्यायची. श्वास थांबलाच तर तोंडाला तोंड लावून फुंकत राहायचं. मी नुसता मनगट धरून बसलो. आणि शुद्ध बराच वेळ असते म्हणे. म्हणजे माझं हसणं तिनं ऐकलं. मी मारलं तिला.

१४ ऑगस्ट
लस नांदुऱ्याच्या औषधाच्या दुकानात येऊन पडली आहे. तिथे मुंबईकडचा नवा माणूस आहे म्हणे. पुढच्या आठवड्यात आणू.

उत्तमराव दूध ठेवून गेला. वर म्हणतो, साहेब, तुम्ही लय केलं तिच्यासाठी. त्याला खरं सांगायला हवं होतं. दूध ठेवून घेतलं.

खाटेवर तीन रात्री काढल्या. ढेकूण झोपू देत नाहीत. आज पुन्हा खाली.

२० ऑगस्ट, गुरुवार
पहाटेपासून पोटात कळा. रात्री दंडाला काहीतरी चावलं होतं, ढेकूण समजून खाजवलं. खूण कुठेच नाही. जानराव शेगावला दर्शनाला गेलाय, संध्याकाळी येईल.

आरशात पाहिलं. उजवी पापणी अर्धी मिटलेली. एका दमात सव्वीस. काल पन्नास होते.

उत्तमराव दूध घेऊन आला. म्हटलं, मला तेच झालंय, दुकानातून लस आण, धाव. चिठ्ठी लिहीपर्यंत तो सायकलवर टांग टाकून गेलाही.

अकरा वाजले. सतरा. थुंकी गिळवत नाही.

बोटानं पापणी उचलून लिहितोय. नऊ. देवा, लवकर—

आला! उत्तमराव आला. पिशवी आहे हातात—

लसीचं नाव विसरला. दुकानात सांगितलं, साहेबाले पान लागलं, दवा द्या. तो माणूस हसला म्हणे, लिंबू पाजा म्हणाला. तुमच्यावानीच हासला, साहेब—

पिशवीत लिंबं.

चार. सांगायला हवं होतं— त्या दिवशीच—

पिळतोय. नको रे. तोंडाला तोंड लाव— फुंक— आवाज फुटत नाही— त्याला वाचता येत नाही— पेला ओठाशी—